कान दे बघू

विट्याच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती, मी खिडकीपाशी बसले होते, आई खाली उभी होती आणि बापूंचा पत्ता नव्हता. आई सारखी म्हणत होती, "येतील गं. बारशाचं पोर आलंय कान टोचायला, ते तसंच सोडून कसं येणार?" बापू म्हणजे माझे वडील, जुन्या पेठेतले सोनार. गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी टोचलेले, आणि उरलेल्या निम्म्यांचे त्यांच्या वडिलांनी.

कंडक्टरनं डबल बेल दिली तेव्हा ते धावत आले. लेंग्याला हळदीची बोटं पुसलेली, हाताला खोबरेल तेलाचा वास. गाडी हलायला लागली होती. त्यांनी खिडकीतून हात आत घातला. मला वाटलं डोक्यावर ठेवतील, म्हणून मी वाकले, तर त्यांनी माझ्या कानाची पाळी धरली. "फिरकी सैल झालीय," म्हणाले, आणि कुड्याची फिरकी दोन बोटांत धरून घट्ट केली. तेवढ्यात गाडी स्टँडाबाहेर पडली. नोकरीसाठी लखनऊला निघालेल्या एकुलत्या एक मुलीला वडिलांनी दिलेला निरोप तो एवढाच. मी साताऱ्यापर्यंत रुसून बसले होते, आणि पुढं पुण्यापर्यंत रडत.

हे मी पेठेतल्या माझ्या मैत्रिणींसाठी लिहिते आहे, ज्या तिथंच राहिल्या, आणि त्यांच्यासाठीही, ज्या माझ्यासारख्या कुठंकुठं जाऊन पडल्या. तुम्ही भेटलात की विचारता, "वैजू, आता तिकडचीच झालीस का गं?" समोरासमोर मला याचं उत्तर देता येत नाही. मी चिडते आणि विषय बदलते. लिहून जमतंय का बघते.

तशी आमच्या भागाला जाण्याची सवय आहे. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्याला आपल्याकडं गलाई म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात पाऊस रुसलेला, म्हणून सातवी-आठवी झाली की पोरं मामाच्या नाहीतर चुलत्याच्या मागं निघायची. कुणी कोइमतूर, कुणी कानपूर, कुणी पार आसामात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दहावीच्या आत गलाईला गेली. बापूंना हे जाणं मान्य होतं, पण स्वतःसाठी नाही. ते म्हणायचे, "गलाईवाल्यानं जावं, सोनारानं ऱ्हावं. सोनार गेला तर लोकांनी पोरांचे कान कुणाकडं न्यायचे?" त्यांना मुलगा नव्हता. मुलींनी दुकानाच्या गादीवर बसायची रीत नव्हती. त्यामुळे राहायचं कुणी, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारलाच नाही. मी शिकत गेले, पुण्यात डॉक्टरेट झाले आणि लखनऊच्या एका संशोधन संस्थेत नोकरी घेतली. गंमत म्हणजे मीही गेले ती सोन्याच्याच मागं.

माझं काम असं होतं. सोन्याची भुकटी घ्यायची, इतकी बारीक की तिचा कण माणसाच्या पेशीपेक्षाही कितीतरी लहान. त्या कणांवर एखादा जीन, म्हणजे पेशीला काय बनवायचं ते सांगणारा तुकडा, चिकटवायचा. मग ते कण एका लहानशा बंदुकीत भरून हेलियम वायूच्या दाबानं जिवंत उंदराच्या कानावर मारायचे. गोळी इतकी सूक्ष्म की कातडी फाटत नाही, कण पेशीचं आवरण भेदून आत जाऊन बसतो आणि पेशी मरत नाही. जीन आत पोचला की पेशी त्याचं ऐकायला लागते. दाब कमी पडला तर कण वरच राहतो, जास्त झाला तर पेशीच जाते. या कमी-जास्तीच्या मधली जागा शोधण्यात माझी पहिली काही वर्षं गेली. पुढं याच वाटेनं काळ्या आजारावरची लस देता यावी, असा आमचा बेत होता. बिहारकडच्या गावांतून तो आजार हटत नव्हता, आणि संस्थेत त्यावर बरीच माणसं लागलेली होती.

आईनं मात्र पेठेत सांगून टाकलं होतं, "आमची वैजू लखनऊला बंदूक चालवते." लखनऊत मोठी छावणी आहे हे कुणाच्यातरी कानावर होतं. मी मिलिटरीत लागले अशी बातमी पसरली. सुट्टीत आले तेव्हा एका म्हाताऱ्यांनी मला सलाम ठोकला, तो मी मुकाट्यानं घेतला.

तिथली पहिली वर्षं आठवली की मला आवाज आठवत नाहीत, आवाजांचा अभाव आठवतो. माणसं वाईट नव्हती. उलट फार गोड बोलायची, इतकं की रागावलेत की लाडात आलेत ते मला कळायचं नाही. माझं नाव तिथं 'बैजंती जी' झालं. ज्वारीचं पीठ मागितलं की दुकानदार विचारायचा, "गाय के लिए चाहिए?" मी हॉस्टेलवर राहायची, रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन करायची, आणि फोनवरचं मराठी संपलं की पुढच्या रविवारपर्यंत माझ्या तोंडात मराठी शब्द नसायचा. निदान माणसांशी तरी नसायचा.

उंदरांशी असायचा. प्राण्यांच्या खोलीत मी एकटीच असायची. उंदराला भूल द्यायची, डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं त्याचा कान पसरून धरायचा, बंदुकीचं तोंड टेकवायचं. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "कान दे बघू, सोन्या." हे बापूंचं वाक्य. पेठेतल्या प्रत्येक पोराला मांडीवर घेऊन ते हेच म्हणत आणि वाक्य संपायच्या आत तार पाळीतून पार गेलेली असे. पोर रडायला लागे तेव्हा त्याच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ. मी दुकानाच्या पायरीवर बसून हे शेकडो वेळा पाहिलं होतं. लखनऊतला माझा एकुलता एक मराठी संवाद असा भूल दिलेल्या उंदरांशी चालायचा. हसू नका. त्यांनी कधी हिंदीत उत्तर दिलं नाही.

खूप दिवस काहीच जमत नव्हतं. आम्ही आधी असा जीन मारत होतो की तो पेशीत शिरला तर पेशी निळ्या उजेडात हिरवी चमकते. म्हणजे लागलं की नाही हे डोळ्यांना कळतं. आणि रोज अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला की सगळं काळं. सोन्याचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी होत होत्या. गाठीचा धक्का बसला की पेशी मरत. शेवटी चूक सापडली ती अगदी साधी होती. सोनं धुवायला जे निर्जल अल्कोहोल वापरतात, त्याची बाटली आम्ही पुन्हापुन्हा उघडायचो आणि लखनऊची पावसाळ्यातली दमट हवा त्यात पाणी सोडायची. दर वेळी नवी बाटली उघडायला सुरुवात केली, आणि एका दुपारी त्या काळ्यात हिरवे ठिपके दिसले. मलिहाबादच्या बागांत दशहरी आंब्याचा मोसम उताराला लागला होता, बाहेर उकाडा होता, आणि मी अंधारात बसून रडत होते. सांगायला कुणी नव्हतं. बूथवर गेले. फोन आईनं उचलला. मी म्हणाले, "आई, लागलं." ती घाबरून म्हणाली, "कुठं लागलं? रक्त आलं का?"

पुढं माझं लग्न झालं. अनिल नाशिकचा, रेल्वेत इंजिनिअर, तेव्हा लखनऊलाच होता. आम्ही महानगर नावाच्या वस्तीत, कपूरथला बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्यानं घर घेतलं. दोघांच्या मराठीत तिखटमिठाचा फरक होता, तरी घरात मराठी आली. मग रेवा जन्मली, आणि ती वर्षाची व्हायच्या आत अनिलची बदली गोरखपूरला झाली. तो शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा. आठवडाभर घरात मी, रेवा आणि तिला सांभाळणारी बाई. रेवाला मराठी कळायची सगळी, पण उत्तर हिंदीत. "रेवा, दूध पी." "नहीं पीना." तिच्या तोंडून मराठी काढायला मी काय काय केलं, ते आता आठवलं की माझीच मला कीव येते. आमच्या घरात आम्ही दोघी होतो आणि तरी भाषा माझ्या एकटीची होती.

आणि रेवाचे कान मोकळे होते. तिची गोष्ट अशी झाली. ती दिवस भरायच्या आधी, ऐन थंडीत जन्मली. डॉक्टर म्हणाले, इतक्यात टोचाटोची नको. पहिल्यांदा विट्याला नेली तेव्हा तिचा कान फुटला होता, ताप होता. बापू तार घासून बसले होते, त्यांनी ती परत डबीत ठेवली. दुसऱ्यांदा गेलो ते आईला अग्नी द्यायला. त्यानंतर वर्षभर घरात शुभकार्य करायचं नव्हतं. असं करता करता पोरगी शाळेत जायला लागली. वर्गातल्या सगळ्या मुलींच्या कानांत काही ना काही, हिच्याच कानांत काही नाही.

शेजारच्या आंटी म्हणाल्या, "कपूरथला में दो मिनट का काम है बेटा. गन से करते हैं, बच्ची को पता भी नहीं चलेगा." मी तिथं जाऊन पाहिलंही. काचेच्या दुकानात एक मुलगी पिस्तुलासारखं यंत्र घेऊन उभी. कानाला लावलं, खटका दाबला, झालं. मी आयुष्यभर हेच करत आले होते. कानाला बंदूक लावून आत सोनं सोडायचं, यात मला तरी काय वावगं वाटायला हवं होतं? पण माझे पाय आतच जाईनात. पेठेतल्या सगळ्यांचे कान बापूंनी टोचले. माझ्या मुलीचे बाजारातल्या यंत्रानं टोचले, तर मग माझं तिथलं काय उरतं, असं मला वाटत होतं. ते वेडगळ असेल. पण आई गेली होती, दुकान मोडकळीला आलं होतं, मुलगी हिंदीत बोलत होती. तेवढी एकच गोष्ट अजून हातात होती.

बापू फोनवर चिडवायचे, "तुमच्या लखनऊत उंदरांच्या कानांत सोनं, आणि माझ्या नातीचे कान भुंडे. सोनाराच्या घरची गत बघा." मग गंभीर होऊन म्हणायचे, "वर्ष सरू दे. मी येतो. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नको."

वर्षश्राद्ध झालं आणि ते आले. ज्या माणसानं कोल्हापूरच्या पलीकडं कधी गाव पाहिलं नव्हतं, तो चारबाग स्टेशनवर एक पत्र्याची पेटी छातीशी धरून उतरला. पेटीत कपडे कमी आणि हत्यारं जास्त. माझ्या मनात होतं की त्यांनी आता इथंच राहावं. तिकडं एकट्यानं चूल पेटवण्यापेक्षा नातीजवळ बरं. त्यांनी हो-नाही काही म्हटलं नाही. "आधी कान," एवढंच म्हणाले. आणि मग लगेच टोचलेही नाहीत. थंडी सरू दे, पोरीला सर्दी आहे, चांगला दिवस बघू, असं त्यांचं चालू राहिलं. मला नवल वाटत होतं.

डिसेंबरातलं धुकं त्यांना सोसेना. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून खिडकीशी बसायचे. मला वाटलं गारठ्यानं. रेवाशी त्यांचं चांगलं जमलं. ते त्यांच्या विट्याच्या बोलीत बोलायचे, ती तिच्या हिंदीत, आणि कुणाचंच काही अडत नव्हतं. पण ती शाळेत आणि मी संस्थेत गेले की दिवस त्यांच्या अंगावर यायचा. पेठेत त्यांना दुकानाच्या गादीवरून उठावं लागत नव्हतं, अख्खं गाव समोरून जायचं आणि हाक मारून जायचं. इथं गल्लीतून दिवसभर माणसं जायची आणि एकालाही ते कोण हे ठाऊक नव्हतं. एकदा मला म्हणाले, "वैजे, इथं कुणाचाच कान माझ्या वळखीचा न्हाई." मी हसले. ते हसले नाहीत.

मग त्यांनी स्वतःच एक माणूस शोधून काढला. चौक म्हणून तिथला जुना बाजार आहे, त्यातल्या सराफ्यात गलाईवाले असणारच, या हिशोबानं एक दिवस ते सायकलरिक्षा करून गेले आणि आमच्याच भागातल्या संपतला घेऊन आले. संपत माझ्या वयाचा. पोरवयात आला, चौकात भट्टी टाकून स्थिरावला. त्याची मराठी ऐकून मला माझी भविष्यातली मराठी ऐकल्यासारखं वाटलं. "बापू, आपण टेन्शन नका घेऊ यार, मी हाय ना. सुबह चक्कर मारतो." बापू रोज त्याच्या भट्टीवर जाऊन बसायला लागले. तिथं हिवाळ्यात मिळणारं फेसासारखं हलकं मलई-मक्खन पानावर घेऊन खायचे आणि घरी आल्यावर नावं ठेवायचे, की हे तर नुसतं वारं आहे.

एका रविवारी मी त्यांना माझं काम दाखवायला नेलं. सोन्याची भुकटी असलेली कुपी त्यांनी उजेडात धरली, हलवली, आणि धंद्यातला प्रश्न विचारला, "मारलेलं सोनं परत मिळतं का?" मी नाही म्हणाले. "झारेकरी बोलवा की," म्हणाले. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातलं सोनं काढणाऱ्याला आपल्याकडं झारेकरी म्हणतात. मी सांगितलं की उंदराच्या कातडीतून कुठला झारेकरी सोनं काढणार? मग अंधाऱ्या खोलीत मी त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. हिरव्या पेशी दिसायला त्यांना वेळ लागला. दिसल्यावर ते बराच वेळ डोळा काढेनात.

"किती दिवस ऱ्हातं हे?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच दिवस. कातडीच्या वरच्या पेशी झडून जातात ना, त्यांच्याबरोबर जातं."

"मग?"

"मग परत मारायचं. पण तेवढ्या दिवसांत शरीर ते ओळखून ठेवतं. पेशी गेल्या तरी शरीर विसरत नाही, अशी आमची आशा असते."

ते उठले, कोट नीट केला. "आम्ही एकदाच टोचतो," म्हणाले.

संक्रांत झाली आणि एका सकाळी त्यांनी दिवस ठरवून टाकला. मामाच्या मांडीवर बसवून कान टोचायचे ही आपली रीत. रेवाला मामा नाही, म्हणून संपत धुतलेला शर्ट घालून आला आणि गावच्या नात्यानं मामा होऊन पाटावर बसला. अनिल गोरखपूरहून येऊ शकला नाही. शेजारच्या आंटी दारात उभ्या राहिल्या. मी खोबरं-गूळ वाटीत काढलं. बापूंनी पेटीतून ती डबी काढली. तार तीच होती, रेवाच्या पहिल्या भेटीत घासून परत ठेवलेली. मुलीचा डावा कान आधी. त्यांनी कुंकवाचा ठिपका दिला, मान तिरकी करून पाहिला. "कान दे बघू, सोन्या." वाक्य संपायच्या आत तार पार गेली होती. रेवा दचकली, मग किंचाळली, मग खोबरं खाऊ लागली. त्यांनी तार वळवून बाळी केली. सगळं अगदी पेठेतल्यासारखं झालं, आणि मला वाटलं, आता काही बिघडणार नाही.

दुसऱ्या कानाला ठिपका देताना त्यांचं बोट पाळीवरून घसरलं. त्यांनी पुसलं, पुन्हा दिलं. तार उचलली. तेव्हा मी त्यांचा हात पाहिला. तो थरथरत होता, आणि तो गारठा नव्हता. त्यांनी हात मांडीवर ठेवला, थोडा वेळ थांबले, परत उचलला. परत तेच. रेवा डोळे विस्फारून त्या हलणाऱ्या टोकाकडं बघत होती. मला एकाएकी सगळं कळलं. दोन्ही हातांनी धरलेला कप, सर्दी, चांगला दिवस, रोजची टाळाटाळ. हा माणूस एका कानापुरतं बळ साठवत बसला होता.

संपत माझ्याकडं बघत होता. बापूंनी तार माझ्यापुढं धरली.

"घे."

"बापू, मला नाही येत."

"रोज धरतीस की उंदराचे कान."

"ते झोपलेले असतात. आणि माझ्याकडं बंदूक असते."

"ही जागी हाय. म्हणून तर लवकर कर." मग खालच्या आवाजात, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता न्हाई व्हायचं माझ्याच्यानं. दुसऱ्याचा हात नको लावायला."

ज्या गादीवर मला कधी कुणी बसवलं नव्हतं, तिचं काम करायला मी त्या सकाळी महानगरातल्या भाड्याच्या घरात, फरशीवर बसले. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं पाळी धरली. ती धरायची सवय माझ्या बोटांना होती, फक्त हा कान गरम होता आणि त्याच्या मागं माझी मुलगी माझ्याकडं बघत होती. "कान दे बघू, सोन्या," मी म्हणाले. इतकी वर्षं मी हे ज्यांना म्हटलं होतं, त्यांच्यापैकी कुणालाच ते ऐकू येत नव्हतं. रेवानं ऐकलं, आणि मान जराशी माझ्याकडं केली. तेवढ्यात तार गेली.

तिनं मान हलवली म्हणून की माझाच अंदाज चुकला म्हणून, देव जाणे, भोक ठिपक्याच्या वर पडलं. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन हळद-तेल लावताना बापूंनी दोन्ही कान आळीपाळीनं पाहिले. त्यांच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही.

"तीळभर वर गेलंय," म्हणाले. मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाले, "राहू दे."

रेवाचे कान भरून आले आणि ते परत निघाले. मी खूप विनवलं, भांडले देखील. हातच चालत नाही तर तिकडं जाऊन करायचं काय, असं जिव्हारी लागेल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "टोचायला न्हाई तर बसायला. लोकं पोर घेऊन येतील आणि दार बंद बघून जातील, ते नको." स्टेशनवर संपत आणि मी होतो. गाडी हलली, मी खिडकीतून हात आत घातला. काय करायचं ते मला ऐनवेळी सुचलं नाही. त्यांच्या मफलरचं टोक आत खोचलं.

दोन उन्हाळ्यांनंतर ते गेले. शेजाऱ्यांनी सांगितलं की शेवटपर्यंत सकाळी दार उघडून गादीवर बसायचे, आणि कुणी पोर आणलं तर दुसऱ्या गल्लीतल्या सोनाराचं नाव सांगायचे. आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे, तुम्ही ते रोज बघता. पोरांचे कान नव्या शोरूममध्ये गननं टोचतात, असं ऐकते. माझी लसही लस झाली नाही. उंदरांना थोडं संरक्षण मिळालं, पुरेसं नाही. प्रकल्प संपला, नव्या पद्धती आल्या, बंदूक कपाटात गेली. अनिल आता अलाहाबादला आहे. संपतनं चौकात स्वतःचं घर बांधलं, त्याची पोरं मला 'बुआजी' म्हणतात. मी अजून महानगरातच राहते, आणि प्राण्यांच्या खोलीत अजूनही मराठीच बोलते.

तर, तिकडचीच झालीस का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर. विट्याला आले की मला घर दिसत नाही, मोबाइलची पाटी दिसते. लखनऊला परतले की मी पुन्हा बैजंती जी होते. या दोन्हींतलं कुठलंच घर, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घर म्हणून माझ्याकडं आता उरलंय ते एवढंच: माझ्या मुलीच्या दोन कानांतला तीळभर फरक. एक बापूंचा आहे, एक माझा.

परवा शाळेच्या कार्यक्रमासाठी रेवानं लांब झुमके घातले. आरशापुढं उभी राहून बराच वेळ मान इकडं-तिकडं करत होती.

"मम्मी, ये राइट वाला ऊपर क्यों है? टेढ़ा लग रहा है."

मी तिला सांगितलं. तिला संपतमामाची मांडी आठवत होती, खोबरं आठवत होतं, बापूंचा चेहरा नीटसा आठवत नव्हता. मी म्हणाले की आता दुरुस्त करता येतं, बाजारात जाऊ, वरचं भोक बुजू देऊन खाली नवं पाडून घेऊ. हे म्हणताना माझा आवाज मी मुद्दाम साधा ठेवला.

ती पुन्हा आरशात बघत राहिली. दोन्ही कानांना हात लावून पाहिला, आधी डावा, मग उजवा.

"नहीं," ती म्हणाली. "रहने दो."

बाहेर शाळेची बस हॉर्न देत होती. दप्तर घेऊन ती निघाली, तिला मी दारात थांबवलं. "कान दे बघू," म्हणाले. तिनं न विचारता मान तिरकी केली. फिरकी सैल झाली होती. ती मी घट्ट केली.